दारावरचे दोन दिवे

उद्यमनगरात, हिंदुराव मिस्त्रींच्या लेथच्या डोक्यावर
आमचं ऑफिस. फरशी दिवसभर किंचित थरथरते,
चहाच्या कपात वर्तुळं उठतात.
आम्ही गुळाच्या सौद्याचं सॉफ्टवेअर करतो :
रवे, वजन, अडत, हमाली,
आणि खाली, पट्टीवर, एक आकडा.

पूर्वी महिनाभर ज्यानं त्यानं लिहायचं,
एकमेकांकडे पाठ करून,
आणि एकतीस तारखेला सगळं एका काहिलीत ओतायचं.
ती रात्र!
मुल्लाणीची अडत माझ्या वजनाला ओळखच द्यायची नाही.
मगदूम साहेब गॅलरीत येरझाऱ्या घालायचे,
तीन वाजता स्टँडवरून ऑम्लेट-पाव,
आणि एवढं करून सकाळी यार्डातून फोन :
"भावा, तुझं मशीन उलटं मोजतंय की रं!"

मग प्रज्योतनं अडगळीतला एक संगणक पुसून घेतला.
कुणी चार ओळी टाकल्या, की यानं
पायापासून सगळं पुन्हा बांधायचं,
चालवायचं,
कुठं खटकतंय का बघायचं.
हिंदुरावांकडच्या मोडक्या पॅनेलचे दोन दिवे आणून
दारावर ठोकले. हिरवा. लाल.

हिंदुराव वर आले, हातात तेलाची चिंधी तशीच.
"दिवसातनं किती येळा?"
तीस. कधी चाळीस.
"मग काम कवा करता?"
जिन्यात दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळले :
"खरं हाय म्हणा. मी बी कट मारला की कॅलिपर लावतो.
जॉब पुरा झाल्यावर मापून
भंगारच मोजायचं की."

गेल्या दिवाळीत प्रज्योत पुण्याला गेला.
खुर्ची नव्या पोराला दिली,
मशीन राहिलं.

काल दुपारी मी तीनच ओळी बदलल्या.
पॉइंटाखालचं वजन उडवलं,
पट्टी जरा नेटकी दिसावी म्हणून.
चहा ओतेपर्यंत दारावर लाल.
पडद्यावर एकाच चाचणीचं नाव :
'शिंगणापूरच्या आक्कांचा अर्धा किलो'.

आठवल्या. एक्केचाळीस रवे, प्रत्येकातला अर्धा किलो आम्ही गिळलेला,
साडेवीस किलोंचा हिशेब पदराला बांधून
जिना चढून आल्या होत्या.
पट्टी टेबलावर आपटली.
"मोजाय येत नसंल तर दगडं लावा तागडीत."
सगळे खाली बघत होते. प्रज्योत तेवढा
वहीत काहीतरी लिहीत होता.

म्हणजे तेव्हापासून, रोज तीस-चाळीस वेळा,
आक्का हा जिना चढतायत
आणि कुणाला पत्ता नाही.

ओळी जागेवर ठेवल्या. मशीन पुन्हा पहिल्यापासून लागलं.
प्रज्योतला फोन लावावा वाटलं,
काय सांगणार, म्हणून ठेवला.
खाली लेथ अचानक गप्प झाला,
हिंदुराव कॅलिपर लावत असणार.
कपातला चहा पहिल्यांदाच सपाट.
दिव्याकडे बघत बसले.
अजून लालच.