अबोल्याचा आकडा

पडद्याच्या मधोमध एक मनोरा.
भोवती दोनशे ठिपके, मीच सोडलेले.
कुठे जायचं ते फासा ठरवतो.
पोचले की घटकाभर थांबतात,
मग पुन्हा फासा.
ओउलूत डिसेंबरमध्ये अडीचलाच दिवस आटपतो,
लॅबमध्ये उरते मी, आणि हीटरची घरघर.

मनोऱ्याचा हात पोचतो तिथवर सगळं सोपं.
त्यापलीकडचा ठिपका शेजाऱ्याला हाक मारतो,
शेजारी त्याच्या शेजाऱ्याला,
निरोप हातोहात मनोऱ्याशी येतो.
निळी रेघ उमटते, विझते.
शंभरातले सत्त्याण्णव पोचले.
व्हिर्पीबाई म्हणाल्या, सुरेख.

मला ते सत्त्याण्णव खोटं वाटतं.
माझे ठिपके फार भले आहेत.
कुणाचाही निरोप कुणीही उचलतो,
बॅटरी मोजत नाही,
कोण तू, असंही विचारत नाही.

माझा बाप, ओइवा रोंकाइनेन,
रेइनो केम्पाइनेनशी अकरा वर्षं बोलत नव्हता.
कारण एक जाळं. किंवा बर्फात पाडलेलं एक भोक.
दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगायचे.
समुद्र गोठला की दोघं एकाच बर्फावर,
हाइलुओतोच्या पलीकडे,
जिथे फोनच्या पट्ट्या एकेक करून मावळतात,
एकमेकांकडे पाठ करून मासे धरायचे.

मार्चमधल्या एका संध्याकाळी बर्फ तडकला.
बाप सुटलेल्या तुकड्यावर.
त्याने हाक मारली का,
की नुसता उभा राहिला,
हे त्याने कधीच सांगितलं नाही.
रेइनोने स्नोमोबाइल काढली,
सात किलोमीटर किनाऱ्याकडे,
आणि पहिली पट्टी उगवली तिथे थांबून
बचावपथकाला फोन केला:
रोंकाइनेन. एक माणूस. दीपस्तंभाच्या उत्तरेला.
मग घरी जाऊन जेवला.

बाप वाचला.
अबोला त्यानंतरही चार वर्षं टिकला.

तर आज मी ठिपक्यांना एक आकडा दिला.
शून्य म्हणजे सख्खे,
एक म्हणजे तोंड बघणार नाही.
आकडा जितका मोठा,
तितका निरोप हातातून गळायचा.
पहाटे निकाल आला. शंभरातले एकसष्ट.
कडेचे ठिपके राखाडी होऊन
आपापल्या जागी हाका मारत होते.

हे खरं दिसलं. मी कोटही चढवला.
मग रेइनो आठवला.
त्याचा आकडा पुरता एक होता,
त्यात दशांशाचीही सूट नव्हती,
आणि माझ्या सूत्रात तो निरोप
त्या बर्फावरच संपला असता.

कोट घालूनच एक ओळ लिहिली:
पायाखालचं तडकलं असेल
तर आकडा बघू नये.

व्हिर्पीबाई विचारतील, याला आधार काय?
तडा कोणत्या एककात मोजलात?

ओळ खोडली नाही.
शेजारी शेरा मारला: नंतर समजावणे.
आणि दोनशेच्या दोनशे
पुन्हा सोडले.