मुक्कामाला जागा

तंबू घेऊन तीन महिने झाले.
दोनदा धनकवडीच्या गच्चीवर लावून पाहिला,
सेक्रेटरी वर येऊन म्हणाले, लग्न आहे का कुणाचं?

पवनेला फोन केला तर पलीकडचा पोरगा
आधी विचारतो, जेंट्स किती?
म्हटलं, दोघीच. विभावरी पन्नास, मी त्रेपन्न.
मग तो बार्बेक्यूचं बोलला, डीजे साडेदहापर्यंत,
माणशी चौदाशे, आणि तंबू आमचाच लागेल.
आमचाच म्हणजे त्यांचा.

मुळशीला कुंपण.
कुंपणावर बिल्डर, त्याखाली ‘निसर्गाच्या कुशीत’.
वेल्ह्याकडे एका वळणावर मिळालं, सपाट, मोकळं,
पाच मिनिटांत बुलेटवरून माणूस हजर:
एन.ए. झालंय, बघायला आलात?
विभावरीनं भाव विचारून घेतला.
बँकेत कर्जं दिली तिनं सव्वीस वर्षं, सवय जात नाही.

शेवटी पानशेतच्या मागच्या अंगाला, मे महिन्यात,
पाणी पार खाली गेलेलं, गाळाला भेगा,
तिथे थांबलो. थांबलो म्हणजे
अल्टोच म्हणाली, आता पुढे नाही.

चार म्हशी घेऊन रखमाजी निवंगुणे आले.
हे काय? तंबू.
घर नाही तुम्हाला?
आहे की, दोन बेडरूमचं.
यावर ते बराच वेळ गप्प.

खुंटी शिरेना. दगडानं ठोकली, वाकली.
दुसरीही वाकली.
काठीवर हनुवटी टेकून ते बघत होते,
मग म्हणाले, तिथं नाही जायची,
खाली आमचं जोतं आहे. दर उन्हाळ्यात वर येतं.
काठी हवेत फिरवली: हा सोपा, ही मधली खोली,
तुम्ही उभ्या आहात तिथं चूल.
मी पाय उचलला, उगाच.

भाडं किती, विचारलं.
जागा सरकारची, पाणी पुण्याचं,
आपलं काय त्यात.
पहाटे साडेपाचला आमच्या नळाला येतं
ते हे.
मला भरून ठेवलेल्या बादल्या आठवल्या,
आणि शिळं म्हणून ओतून दिलेल्याही.

चार पावलं डावीकडं जाऊन
त्यांनी टाच रोवून पाहिली.
इथं ठोका. गोठा होता.
माती अजून मऊ असंल.

होती.

रात्री डोंगरामागे पुण्याचा पिवळट उजेड,
विझता विझेना.
अंधारात विभावरी म्हणाली,
याचा काय भाव धरला असेल गं त्यांना?
मी म्हटलं, झोप.
दोघीही जाग्याच होतो.