उद्या कामठी

उद्या साडेतीनला मॅच. मैदान रेल्वेचं,
म्हणजे डाव्या गोलासमोर गवत नाही, नुसता मुरूम.
चेंडू तिथे दोनदा उसळतो,
एकदा चेंडूसारखा
आणि एकदा स्वतःच्या मनानं.

आम्ही निनावेच्या ठेल्यावर. कानटोप्या घालून.
निनावे पन्नीत खर्रा घोटतो, खस्स खस्स,
त्याच तालावर आम्ही कॉलेजची टीम घोटून राहिलो.

"सरळ सांगतो," हफीजभाई म्हणाले, "चार-शून्य.
शून्य आपला."
त्यांचं सायकलचं दुकान आहे मोमिनपुऱ्यात.
अंगठ्यानं टायर दाबून सांगतात घरी पोचशील का नाही.
टीम पण तशीच दाबतात.

लेफ्ट बॅक उईकेचा गुडघा कालपासून भोपळा.
टेंभुर्णे पळतो बेफाम,
पण इतका पळतो का चेंडू मागं राहून जाते.
मधल्या फळीत ढोमणे-ढोमणे, सख्खे भाऊ,
प्लॉटच्या हिश्श्यावरून घरात बोलणं बंद,
मैदानात पास काऊन देतील बे?

आणि समोर कामठी.
कामठीचा पोट्टा चालण्याआधी लाथ शिकते.
कन्हानच्या रेतीत अनवाणी पळून पळून
पोटऱ्या अशा, की शिंप्याले पँट ढिली करा लागते.
"ड्रॉ?" पोस्टातल्या लिखारसाहेबांनी हळूच विचारलं.
कोणी उत्तर दिलं नाही.
रिटायर माणसाला आशा परवडते.

मी काही बोललो नाही.
मी उभा होतो त्या गोलात, डाव्या,
सत्तावीस वर्षांपूर्वी, हीच कामठी, शेवटची तीन मिनिटं.
पहिल्या उसळीला मी वाकलो.
दुसरी माझ्या डोक्यावरून गेली,
सावकाश, अगदी सावकाश,
ओळखीचा माणूस रस्त्यात न बोलता जातो तशी.
ठेल्यावर हा विषय कोणी काढत नाही. भले लोक आहेत.
फक्त 'डावा गोल' म्हटलं का सगळेच
एकदम आपापली पुडी उघडतात.

तेवढ्यात गाडी थांबली. गजभियेचा सुमेध.
आपला गोलकीपर. अंगावर अजून प्रॅक्टिकलचा अ‍ॅप्रन,
बाहीवर कसलासा पिवळा डाग.
"काका, एक फेविक्विक द्या."
ग्लोव्हचा अंगठा उसवला होता.

खस्स खस्स थांबलं.
"काय वाटते, भाऊ?" त्यानं सगळ्यांनाच विचारलं,
ट्यूबचं टोक दातानं तोडता तोडता.

हफीजभाई खाकरले.
"कामठी कामठी काय करता बे. त्याईले बी दोनच पाय हायेत."
कोणी म्हणालं, उईके तर आज टणाटण चालत होता.
कोणी म्हणालं, भावाभावाचं काय, रक्त हाय शेवटी.
मी इतकी मोठी थाप
एवढ्या थंडीत, एवढ्या एकमतानं
कधी ऐकली नव्हती.

मग माझ्याच तोंडून निघालं,
"डाव्या गोलात असशील तेव्हा लवकर वाकू नको."

पोरगा हसला. वाईट नाही, साधा हसला.
"माहीत हाय ना काका.
सर आम्हाले पहिल्याच दिवशी तुमचाच गोल शिकवतात.
मुरमावर उभं करून. दहा-दहा वेळा."

गाडी गेली. निनावेनं पैसे घेतले नव्हते.
माझ्याकडे कोणी पाहिलं नाही,
सगळ्यांनी रस्त्याकडं पाहिलं, रिकाम्या.
दहा-दहा वेळा.
म्हणजे सत्तावीस वर्षं मी तिथंच उभा आहे,
आणि रोज एक पोरगं
माझ्यामुळे थोडं उशिरा वाकते.

हफीजभाईंनी सुपारीच्या खोक्याचा पुठ्ठा ओढला,
चार-शून्य खोडलं,
बराच वेळ पेन कानात फिरवला,
आणि लिहिलं, तीन-एक.

तो एक कोणाचा, विचारायची गरज नव्हती.
लिखारसाहेबांनी तरी विचारलाच.