दार उघडल्यावर

टपालाने आला, समुद्राकाठच्या कुठल्याशा शहरातून:
गाळणकागदाचा एक तुकडा, त्यावर पेन्सिलीचं वर्तुळ.
वर्तुळात काहीच दिसत नाही.
जकातीच्या माणसाने विचारलं, यात काय आहे?
निएवेस म्हणाली, काजवा.
म्हणजे त्याचा उजेडापुरता भाग.
तो हसला, शिक्का मारला.
एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
काजवा कोणाच्या पाहण्यात नाही.

कागद भिजवला, जिवाणूंना पाजला.
ज्यांनी तो पोटात जपला तेवढेच
औषधाच्या ताटलीवर वाचले.
सकाळी बारा पांढरे ठिपके, रव्याएवढे.

रचना सोपी आहे, ती विल्मेरला सांगते.
तो नवा आहे, अजून मास्क उलटा घालतो.
आधी तीन वेळा तेच एक छोटं वाक्य,
त्याच्यामागे काजव्याचा जनुक.
हवा पुरेशी असली की ते वाक्य कोणी वाचत नाही.
हवा सरत आली की
एक प्रथिन, एरवी जन्मताच मोडीत निघणारं,
तगतं,
वाक्यावर येऊन बसतं,
आणि दिवा लावायचा हुकूम सुटतो.

तिच्या वडिलांचा दिवा उलटा होता.
मेलितोन तिकोना, कथिलाची खाण, बावीस वर्षं, हातात कार्बाइडचा दिवा.
ज्योत बारीक झाली की मागे फिरायचं,
एवढंच शास्त्र.
एकदा ज्योत बारीक झाली आणि ते फिरले नाहीत,
कारण पुढे सेवेरो होता.
त्याबद्दल घरात कधी शब्द नाही.
पुढे रक्त काकवीसारखं दाट झालं, ओठ जांभळे.
जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबायचे.
डोळ्यांपुढे काजवे चमकायचे,
ज्यांनी काजवा पाहिलाच नव्हता त्या डोळ्यांपुढे.

सोमवारी बशा लावल्या.
एक पेटी, एक टक्का प्राणवायू.
एक पेटी, पुस्तकात लिहिलाय तेवढा, नळकांड्यातून आणून.
तिसरी बशी नुसती, इथल्या हवेत.
साधी हवा कोणती लिहायची, विल्मेर विचारतो.
निएवेस वहीवर पेन टेकवून बसते.
मग लिहिते: आमची.

सोळा तासांनी तो काचेला नाक लावतो.
दिवा लागलाच नाही.
लागणार नाही, ती म्हणते.
उजेडायला काजव्यालाही हवा लागते.
आत तेल आहे, वात आहे, हुकूमही सुटलाय,
काडी ओढायला श्वास नाही.

वडिलांना डॉक्टरांनी खाली धाडलं होतं, युंगासच्या उतारावर,
कॉफीच्या मळ्यात, मावशीकडे.
तिसऱ्या संध्याकाळी झुडपांत काहीतरी लुकलुकलं.
ते उठून उभे राहिले, तोंड उघडं,
आणि सेवेरोची गोष्ट सांगू लागले,
पहिल्यापासून, कुठेही न थांबता.
मावशीने सांगितलं म्हणून कळलं.
निएवेस तेव्हा वर होती, परीक्षा होती.

दार उघड, ती विल्मेरला म्हणते.
पेशी फोड. थेंब घाल. झाकण लाव.
यंत्राच्या काळ्या पोटात दहा सेकंद.
कोणाच्याच डोळ्यांना न दिसलेला उजेड
आकडा होऊन बाहेर येतो.
एक टक्का: नऊ हजार चारशे.
पुस्तकातली हवा: एकशे नव्वद.
आमची: तीनशे बारा.

म्हणजे इथेसुद्धा, विल्मेर म्हणतो, आपण बसलोय तिथे, थोडा थोडा...

पुन्हा कर, निएवेस म्हणते.
तीनदा झाल्याशिवाय काही बोलायचं नाही.
आणि तो मास्क सुलट कर.