पलीकडचा पंख

हिला वाळूमाशी म्हणतात, पण वाळूत ही नसते.
किनाऱ्यावर पाय भाजून शोधलीत तर खेकडे सापडतील,
आणि आमचे नवे साहेब, जे पहिल्या दिवशी तिथेच शोधत होते.
ही असते गोठ्यात. चिऱ्यांच्या सांध्यात,
शेणाचा गिलावा जिथे पोपडे धरतो तिथे,
पहाटे पाचला, पंख अर्धवट उभे धरून,
नमस्काराला हात उचलावेत
आणि समोरचा कोण ते आठवू नये, तशी.

मी कीटक समाहारक. सरकारी शब्द आहे, हसू नका.
एका हातात बॅटरी, दातांत काचनळी,
जाळीच्या अलीकडे माशी श्वासाने ओढून घ्यायची.
सत्तावीस वर्षं मी असा श्वास आत घेतोय.

यंदा हुकूम आला: पंख मोजा.
वाघोटणच्या खाडीच्या दोन्ही अंगांना
तीस-तीस गोठे, नर वेगळे, माद्या वेगळ्या.
पोटॅशमध्ये ठेवून माशी काचेसारखी करायची,
बाल्समच्या थेंबात बसवायची,
भिंगाखालच्या पट्टीवर एकेक शीर मोजायची.

मोजल्या.
उत्तरेकडच्या पंख लांब, टोकाशी निमुळता.
दक्षिणेकडच्या आखूड, पसरट.
फरक केसाच्या जाडीएवढा.
नाव मात्र एकच.
तिची एक उडी वीतभर,
खाडी ओलांडायला किती पिढ्या लागतील
हा हिशोब मी प्रवासभत्त्याच्या बिलामागे मांडला
आणि सोडून दिला.
माणसांचं तरी काय?
अलीकडे विचारतात, कुठं चाल्लाव?
पलीकडे, खंय चल्लंस?
मधे पाणी, आणि शेवटची तर गेलेली.

एकच गोठा बसेना.
दक्षिणेचा, सगुणा घाडीचा.
अकरा माद्या, अकराही लांब पंखांच्या.
मी पुन्हा मोजल्या. दाऊद मुकादमने मोजल्या,
त्याचे डोळे माझ्याहून धड.
साहेब म्हणाले, चिठ्ठ्या बदलल्या असतील. वगळा.

रविवारी मी सहज म्हणून घाडीवाडीत गेलो.
गूळ-पाणी झालं. विचारलं, गाय कुठली?
"माज्याच वांगडा इली. चाळीस वर्सां झाली.
ही तिच्या नातीची नात.
होडयेत मी रडत होतंय, गाय गप.
गवातय बापाशीन थयसूनच धाडल्यान, चार भारे,
हयचा ती खाय नाय म्हणान."

चार भारे.
शेकडो पिढ्या त्या भिंतीत जन्मून मेल्या असतील,
आणि पंखाने अजून माहेरची लांबी सोडलेली नाही.
किंवा नुसता योगायोग. गोठ्यात सावली जास्त,
गारव्यात माशी मोठी वाढते, असंही असेल.
अहवालात मी लिहिलं: अकरा नमुने वगळले.
एक स्लाइड तेवढी टेबलाच्या खणात राहिली,
पावत्यांच्या खाली.

कागदावर ती रोगवाहक. इथे अजून नुसती माशी.
वरच्यांना वाट पाहायची नाही, तेही बरोबरच,
तापाने गेलेलं पोर मी एकदा पाहिलंय, दुसऱ्या जिल्ह्यात.
म्हणून फवारणी आली, पाठीवर पंप लावलेली दोन पोरं.
सगुणाबाई दावं धरून अंगणात उभी.
"गायीक बाधाचा नाय मां?"
मी नाही म्हटलं,
आणि पहिला सांधा बॅटरीने दाखवला.