मापाड्याची वही

एकतीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद मोजतोय.
पोत्याचं वजन वजा, ओलीचं वजा,
पाटावर टेकलेला हमालाचा पाय वजा.
म्हणून आयर्विनची पट्टी पाण्याखाली गेली
आणि गावभागातले आम्ही तेवीस जण
(अधिक एक शेळी)
एका गच्चीवर चढलो,
तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, वही घेतली.

पहिला दिवस.
धनपाल वाण्याची मेणबत्ती सकाळी दहाला,
दुपारी तिसाला, दिवेलागणीला साठाला.
"मी कुठं वाढवतोय," तो म्हणाला,
"पाणी कोण वाढवतंय? तसंच हे."
शिव्या मीही दिल्या. पण वहीत हेही आहे:
आम्ही कठड्याला रेलून पाणी बघत होतो
तेव्हा ती खोकी पाठीवर घेऊन
तीन जिने तो एकटा चढत होता.

दुसरा दिवस कोरे सरांचा.
सगळ्यांचं सगळं एका चादरीवर.
तांदूळ, स्टो, शेंगदाण्याची चटणी, कुणाचं तरी च्यवनप्राश.
माणशी चार बिस्किटं, शेळीला दोन.
खोटं कशाला सांगू,
त्या दुपारइतकं गोड मी कुठं जेवलेलो नाही.
रात्री चादरीला राखण लागली,
राखणीला खुर्ची,
पहाटे मोजलं तर
खुर्चीला एक बिस्कीट जास्त.

तिसऱ्या दिवशी आकाशातून सरकार आलं.
अर्धं पाण्यात पडलं, अर्धं टाकीवर.
फोडून बघतो तर काड्यापेट्या. दोनशे.
भाकरी नाही, तापाची गोळी नाही.
यादी कुठल्या कोरड्या टेबलावर झाली कोण जाणे.
पण रात्रीच्या पावसात आमच्या काड्या भिजल्या होत्या
आणि धनपालच्या मेणबत्त्या नुसत्या पडून.
मग त्याची वात, त्यांची काडी.
"याला मिश्र अर्थव्यवस्था म्हणतात," कोरे सर म्हणाले.
उजेड पडला हे खरं.
साठ रुपये गेले हेही.

त्या उजेडात सर जुन्या काळावर घसरले.
पैसा नव्हता, भाव नव्हता,
सुतारानं नांगर द्यावा, कुणब्यानं धान्य,
खळ्यावर ज्याचा त्याचा वाटा.
फुलाक्का शेळीवरचा हात न काढता म्हणाली,
"माझी आई मागल्या दारी उभी ऱ्हायची, सर.
लांब. पदर पसरून.
वरनं टाकायचे.
वाटा वरनं टाकत्यात व्हय?"
मेणबत्ती संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

चौथ्या दिवशी हरिपूरच्या अंगानं एक काहील आली,
गुऱ्हाळातली, बुडाला काळीकुट्ट,
आत जैनुद्दीन आणि दुधाच्या दोन किटल्या.
संकलन केंद्र पाण्यात, दूध घालायचं कुठं?
डेअरीच्या सभासद बायकांनी म्हणे उंबऱ्यातच ठराव केला,
ना नोटीस, ना कोरम,
आणि याला ढकललं पुरात.
किती द्यायचे, मी विचारलं.
"नंतर बघू."
फुकट?
"फुकट कसं? नंतर बघू म्हणतोय न्हवं."
आणि काहील वल्हवत पुढच्या गच्चीकडं.

जमेला धरू की नावे टाकू?
एकतीस वर्षांत पहिल्यांदा पेन थांबलं.
शेवटी मधल्या तांबड्या रेघेवरच लिहिलं.

पाणी उतरलं. मेणबत्ती परत दहाला.
फेब्रुवारीत यार्डात नवी हळद आली,
जैनुद्दीनची अकरा पोती.
अडत्यानं ओलीपोटी पोत्यामागं दीड किलो कापला.
तो माझ्याकडं बघून ओळखीचं हसला.
मी काट्याकडं बघितलं.
लाल आकडे थरथरले, थांबले.
थांबले तेवढेच लिहिले.

मग चहाला नेलं त्याला, गेटाबाहेर.
मी खिशात हात घालेपर्यंत
त्यानं दोघांचे देऊन टाकले.

तांबड्या रेघेवर आता
एकाखाली एक, दोन ओळी आहेत.