तीन सूत

शुक्रवारी रबाळ्यात एमआयडीसीला सुट्टी.
शेजारचा पावडर कोटिंगवाला शटर ओढून गेलेला,
समोरच्या गाळ्यातला रेडिओ गप्प,
आणि आपल्या चेनपुलीची खडखड
पारसिकच्या डोंगराला ऐकू जावी एवढी मोठी.

कडी. कडी. कडी.
दर कडीला बोटभर खाली येतं इंजिन.
तीन लिटर, सहा सिलिंडर,
एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे.
कळंबोलीच्या भंगारात पाहिलं
आणि ठरलेलं छोटं मी विसरलो.
मुख्तार म्हणाला, "मढवीसाब, बडा है."
मी म्हणालो, मोठंच पाहिजे.
त्यावर कोण काय बोलणार.

चासी घरची. तीन वर्षांची.
दीड इंची चौकोनी पाइप; घासली मी, जोडली मुख्तारने.
आखणी याच फरशीवर झाली.
मी उताणा झोपलो
आणि हर्षालीने माझ्याभोवती खडूची रेघ ओढली
टाचेपासून टाळूपर्यंत,
अपघातानंतर पोलीस ओढतात तशी.
"बाबा, श्वास सोडा, पोटाचं खरं माप द्या."
त्या रेघेतून गाडी निघाली.
लोक अंगावर कोट बेतून घेतात, मी चाकं बेतली.

कडी. कडी.
आणि ठप्प.

हर्षाली टॉर्च घेऊन खाली सरपटली.
"संप अडतोय. पुढच्या आडव्या पाइपवर."
माझ्या आयुष्यातला हा दुसरा संप.
पहिल्यात ठाणे-बेलापूर रोडवरची नोकरी गेली होती.
"किती?"
"तीन सूत."

इंचाचे आठ सूत, त्यातले तीन.
हे माप वडिलांचं.
घणसोलीच्या खाडीवर ते होड्या दुरुस्त करायचे,
फळीला फळी भिडवून म्हणायचे,
लाकूड बरं असतं, पाण्यात फुगून आपली चूक झाकतं.
लोखंडाबद्दल काही बोलल्याचं आठवत नाही.

वर उचललं तर बॉनेट मिटेना.
पाइप कापली तर पुढची चाकं कशावर धरायची?
संप कापला तर तेल कुठे ठेवायचं, ओंजळीत?
मागे घ्यायचं तर तीन सूत पुरत नाहीत,
तेलाचं पोट ती पाइप ओलांडून पलीकडे बसायला हवं.
म्हणजे वीतभर.
तीन सुतांसाठी एक वीत.
जमिनीच्या मोजणीत असले हिशेब आम्ही पाहिलेत,
तेव्हा टेप दुसऱ्याच्या हातात होती.

कापलं. ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या,
फायरवॉल मागे आली, गिअरबॉक्सचा फुगवटा आत आला,
पेडलं गुडघ्याच्या भेटीला आली.
संध्याकाळी इंजिन बसलं.
असं बसलं, जणू चासीच त्याच्यासाठी जन्मली होती.
चार बोल्ट हातानेच आत गेले, पान्हा न लावता.

मग मी बसायला गेलो.

डावा गुडघा स्टिअरिंगखाली.
उजवा कुठेच नाही.
सीट मागे सरकवायला मागे जागाच नाही, तिथे एक्सल.
मी निघालो, कोपराला ग्रीस,
उगाच म्हणालो, टायर चढले की बघू.
टायरचा आणि गुडघ्याचा काय संबंध,
हे तिघांनाही ठाऊक होतं.

हर्षाली पाच फूट दोन इंच. उरलेला बोल्ट शोधायला आत उतरली
आणि उतरली ती बसलीच.
हात आपोआप स्टिअरिंगवर.
पाय लांबवला, सोडला, परत लांबवला.
"क्लच पूर्ण दाबला जातो," ती म्हणाली,
माप वाचून दाखवावं तशी, माझ्याकडे न बघता.

मुख्तारने चहाचे ग्लास बोनेटच्या जागी इंजिनावरच ठेवले.
थंड इंजिन. कधीतरी त्यावर हात टेकवणार नाही.
फरशीवर माझी खडूची रेघ अजून आहे,
कमरेपर्यंत तेलात गेलेली.

"सीट पक्की करू?" मुख्तारने विचारलं, "बेबीच्या मापाने?"
कर, म्हटलं.
त्याने काच डोळ्यांवर ओढली.
"थांब.
एक भोक जादा पाड. मागे.
तीन सूत."